नहाणी तुंबली तर ॲसिड आणायच्या आधी जाळी उघडा : घरच्या घरी बाथरूमचा चोकअप काढायची पूर्ण पद्धत

आंघोळ करताना पाणी पायाशी साचायला लागतं, बघता बघता घोट्यापर्यंत येतं, आंघोळ उरकून बाहेर आलं तरी ते तसंच उभं, वर साबणाचा पांढुरका साका तरंगतोय, आणि मग घरातलं कोणीतरी म्हणतंच की "जा, कोपऱ्यावरून ॲसिडची बाटली घेऊन ये". आमच्याकडे कितीतरी वर्षं हेच चालायचं. पुण्यात जुन्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहतो आम्ही, घरात चौघं, त्यात दोन मुली लांब केसांच्या, पाणी अर्धं वर्ष टँकरचं. दर दोन महिन्यांनी नहाणी तुंबणार म्हणजे तुंबणार. आता मात्र ४-५ वर्षं झाली, ॲसिडही आणलं नाही आणि यासाठी प्लंबरही बोलावला नाही, कारण एक गोष्ट नीट कळली, ती म्हणजे बाथरूमचा चोकअप बहुतेक वेळा हाताच्या टप्प्यातच असतो. वीतभर खाली. तो हाताने निघतो, फुकट निघतो आणि पूर्ण निघतो. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय, जसं मी करते तसंच क्रमाने.

आधी आत काय आहे ते समजून घ्या

आपल्याकडच्या बाथरूममध्ये जाळीच्या खाली जे भांडं असतं त्याला नहाणी ट्रॅप म्हणतात. नवीन फ्लॅटमध्ये पीव्हीसीचा, जुन्या बिल्डिंगमध्ये बिडाचा. काम एकच, थोडं पाणी कायम अडवून ठेवायचं म्हणजे गटाराचा वास आणि झुरळं वर येत नाहीत. हे अडलेलं पाणी साधारण ५० मिलिमीटर खोल असावं लागतं. बऱ्याच ठिकाणी जाळीच्या खाली एक काढता येणारी वाटीपण असते, पाणी आधी त्या वाटीत पडतं, ती भरली की कडेवरून खाली उतरतं. म्हणजे बघा, पाण्याचा वेग जिथे मुद्दाम कमी केलाय तिथेच सगळा गाळ बसणार.

आणि गाळ कसला तर केस आणि साबण. माणसाचे दिवसाला ५० ते १०० केस गळणं अगदी नॉर्मल आहे, त्यातले बरेचसे न्हाताना जातात. नुसता केस वाहून गेला असता, पण बोअरच्या किंवा टँकरच्या जड पाण्यात कॅल्शियम असतं, ते साबणाशी मिळून न विरघळणारा चिकट थर तयार करतं, बादलीच्या आतून जो पांढरा खरखरीत थर चढतो ना तोच. त्याला डोक्याचं खोबरेल तेल मिळालं, कपडे धुतल्याचे धागे मिळाले की केसांचा दोर तयार होतो, आणि मग एकदा दोर झाला की पुढचं सगळं त्यालाच अडकत जातं.

तुंबलंय कुठे ते ओळखा

हे पाच मिनिटांचं काम आहे पण वगळू नका, नाहीतर अर्धा दिवस चुकीच्या जागी खपाल. फक्त बाथरूमचं पाणी हळू जातंय आणि बाकी सगळं व्यवस्थित आहे, तर चोकअप तुमच्याच ट्रॅपमध्ये. बेसिनमध्ये पाणी सोडलं की नहाणीतून वर येतंय, तर घाबरू नका, बऱ्याच घरांत बेसिन आणि वॉशिंग मशीनचा पाईप नहाणी ट्रॅपलाच जोडलेला असतो, तेव्हा हाही ट्रॅपचाच किंवा त्याच्या जरासा पुढचा प्रॉब्लेम. पण संडासचा फ्लश केल्यावर बाथरूममध्ये पाणी चढतंय, किंवा तुमच्या घरात नळ बंद असताना वरच्या मजल्यावरचं पाणी तुमच्या जाळीतून येतंय, तर ती बिल्डिंगची कॉमन लाईन किंवा खालचा चेंबर भरलाय. तिथे घरात काहीही करून उपयोग नाही, सोसायटीला कळवा. तळमजल्यावर राहणाऱ्यांना पावसाळ्यात हा अनुभव येतो, बाहेर चेंबर तुडुंब भरलेला असतो आणि आपण आत जाळी खरवडत बसतो.

सामान

रबरी हातमोजे, मोठा स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, टॉर्च, जुना टूथब्रश, एक जुना चमचा, दोन जाडजूड फडकी, बादली-मग आणि कचऱ्याची पिशवी. पुढे लागलाच तर रबरी पंप म्हणजे प्लंजर आणि ४-५ मीटरची चोकअपची स्प्रिंग, दोन्ही हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. प्लॅस्टिकची काटेरी पट्टीपण मिळते, हातभर लांब, दोन्ही बाजूंना काटे असलेली, ती स्वस्त आहे आणि केसांसाठी खरंच चांगली आहे, एक आणून ठेवाच.

जाळी काढणं

आधी साचलेलं पाणी मगाने बादलीत भरून संडासात ओता (संडास नीट वाहत असेल तरच). उरलेलं फडक्याने टिपा. जाळी दिसायला लागली की बघा कशी बसवलीय. काही नुसत्या ठेवलेल्या असतात, स्क्रू ड्रायव्हरचं टोक कडेच्या फटीत घालून हलकेच वर उचललं की निघतात. काहींना दोन स्क्रू असतात. स्टीलच्या गोल जाळ्या बऱ्याचदा फिरवून लॉक होणाऱ्या असतात, त्यात दोन बोटं किंवा पक्कडीची दोन टोकं घालून घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरवायची.

वर्षानुवर्षं न उघडलेली जाळी पटकन निघत नाही, कडेने क्षार बसून ती जणू सिमेंट लावल्यासारखी झालेली असते. तिथे घाई करू नका. कडेने व्हिनेगर किंवा लिंबाचा रस सोडा, त्यावर तेच भिजवलेलं फडकं ठेवा, तासभर जाऊ द्या, मग टूथब्रशने कड घासून स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने जाळीवर हलक्या टिचक्या मारा, सगळ्या बाजूंनी. हळूहळू सुटते. (मार्बल किंवा कडप्पा असेल तर व्हिनेगर-लिंबू लावू नका, दगडाची पॉलिश जाते, तिथे नुसतं कोमट पाणी आणि धीर.) छिन्नी-हातोडा तर अजिबात नको, टाईल फुटली की कडेने पाणी झिरपायला लागतं आणि तो खर्च कितीतरी मोठा असतो. स्क्रू गंजला असेल तर दोन थेंब तेल सोडून रात्रभर ठेवा.

हात घाला

आता वाटी असेल तर ती वर उचला. आणि इथे तयार राहा, कारण वाटीबरोबर जे वर येतं ते बघवत नाही. आमच्याकडे पहिल्यांदा उघडलं तेव्हा वाटीच्या तळाला काळपट, बुळबुळीत, वेणीसारखा पिळलेला केसांचा गोळा होता, जवळजवळ मुठीएवढा, ओढला तर त्याची शेपटी ट्रॅपमधून अजून वीतभर निघतच राहिली. त्यात काय काय होतं, शाम्पूच्या पुडीचा फाडलेला कोपरा, दोन हेअरपिना, साबणाची झिजलेली चकती आणि टिकल्या, ५-६ टिकल्या, एकमेकींना चिकटलेल्या. आंघोळीच्या आधी कपाळावरची टिकली टाईलला लावायची सवय सगळ्याच बायकांची, ती कधी ओघळून जाते कळतच नाही.

केस ओढताना झटका देऊ नका, तुटला तर उरलेला आत जातो. बोटाभोवती गुंडाळत हळूहळू ओढा. मग ट्रॅपच्या तळाचा गाळ जुन्या चमच्याने काढा, तळ आणि भिंती टूथब्रशने घासा. टॉर्च मारून बाजूला पाणी बाहेर जायचं भोक दिसतं, त्यात दोन बोटं घालून फिरवा, तिथेही केस अडकलेले असतात. बोटं पोचत नाहीत तिथे काटेरी पट्टी घाला, अर्धी फिरवा, वर ओढा, पुसा, परत घाला, पट्टी स्वच्छ येईपर्यंत. निघालेलं सगळं पिशवीत भरून कचऱ्यात, संडासात टाकू नका, तोच गोळा पुढे जाऊन मोठी लाईन अडवतो.

आता बादलीभर पाणी एकदम ओता. मगाने नाही, एकदम. पाणी जाळीच्या जागेपर्यंत चढलं नाही आणि गरगर फिरत गेलं तर काम झालं, थेट शेवटच्या भागाकडे जा. माझ्या अनुभवात बहुतेक वेळा गोष्ट इथेच संपते. चढतंय, पण हळूहळू उतरतंय, तर चोकअप पुढे पाईपमध्ये आहे.

रबरी पंप

पंप मारायच्या आधी एक गोष्ट लोक हमखास विसरतात. बेसिनचा पाईप याच ट्रॅपला येत असेल तर तुम्ही इथे जोर लावणार आणि हवा बेसिनमधून निघून जाणार, मग कितीही दाबा काही होत नाही. म्हणून बेसिनचं भोक आणि त्याचं वरचं ओव्हरफ्लोचं बारीक भोक ओल्या फडक्याने गच्च बंद करा, कोणाला तरी दाबून धरायला सांगा. वॉशिंग मशीनचा पाईप जमिनीतल्या भोकात सोडलेला असेल तर तेही बंद करा.

ट्रॅपवर इतकं पाणी पाहिजे की पंपाचं रबर बुडेल. पंप थोडा तिरका ठेवून आतली हवा जाऊ द्या, मग सरळ करून दाबा. सलग १५-२० वेळा, पंप न उचलता. लोक दाबायला जोर लावतात, पण खरं काम ओढण्याने होतं, गोळा मागे-पुढे हलून सुटतो, म्हणून वर ओढतानाही तेवढाच जोर. शेवटच्या वेळी झटकन उचला. पाणी खळकन खाली गेलं की समजा सुटलं, नाहीतर अजून दोन-तीन वेळा करा. जे काही वर तरंगून येईल ते लगेच हाताने काढून घ्या.

स्प्रिंग

पंपाने नाही गेलं तर स्प्रिंग. ट्रॅपच्या बाहेर जाणाऱ्या भोकात टोक घाला आणि थोडं ढकला, थोडं फिरवा, असं करत पुढे न्या. अडलं की लगेच वाटतं चोकअप सापडला, पण पहिलं अडणं हे बहुधा पाईपचं वळण असतं. तिथे जोर न लावता फिरवत राहिलं की स्प्रिंग वळणातून सरकते. चोकअपला लागली की हाताला वेगळं कळतं, वळण कडक लागतं आणि चोकअप मऊ, ओल्या फडक्यात बोट खुपसल्यासारखा. मग एकाच दिशेने ८-१० वेढे फिरवा म्हणजे केस गुंडाळले जातील आणि त्याच दिशेने फिरवत हळूहळू बाहेर काढा. उलटं फिरवलंत तर पकडलेलं सुटतं. बाहेर येताना स्प्रिंग काळं पाणी उडवते, म्हणून दुसऱ्या हातात फडकं धरून त्यातूनच ओढा.

आता एक कळकळीने सांगते, लोखंडी सळई घालू नका आणि कोणालाही घालू देऊ नका. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे चोकअप काढायला आलेल्या एका माणसाने सळईने दणादण ठोकलं, पाणी गेलं, पैसे घेतले, आम्हीपण खूश. आठवड्याने खालच्या काकूंचा फोन, "अगं, आमच्या बाथरूमच्या छतातून थेंब थेंब पडतंय, येऊन बघून जा ना." ट्रॅपला खालून तडा गेला होता. बाथरूमची फरशी फोडून ट्रॅप बदलायला लागला, वॉटरप्रूफिंग परत करायला लागलं, तीन आठवडे दुसऱ्या बाथरूमवर सगळं घर. काकू समजूतदार म्हणून भांडण झालं नाही, नाहीतर वरच्या-खालच्या मजल्यांची बोलाचाल बंद व्हायला एवढं कारण पुरतं. स्प्रिंग वाकते म्हणून ती पाईपला सांभाळून घेते, सळई वाकत नाही.

केमिकलचं काय

ड्रेन क्लीनरच्या पावडरीत कॉस्टिक सोडा असतो, तो केस आणि चरबी दोन्ही विरघळवतो, हे खरं आहे. वर्षातून एखादेवेळी, हाताने गाळ काढून झाल्यावर आतल्या भिंतींवरचा थर घालवायला वापरला तर मी चूक म्हणणार नाही. पण पूर्ण तुंबलेल्या नहाणीत तो टाकू नका. पाणी हलतच नाही तर तो चोकअपपर्यंत पोचतच नाही, पावडर तळाशी बसून दगडासारखी घट्ट होते, आणि वर जे पाणी साचलंय ते आता जाळणारं पाणी झालेलं असतं, ज्यात नंतर तुम्हाला किंवा प्लंबरला हात घालायचाय.

वापरायचीच असेल तर पाकिटावर लिहिलंय तेवढीच घाला, हातमोजे आणि चष्मा घाला, खिडकी उघडी, तोंड जाळीवर वाकवू नका, पाणी गार वापरा कारण सोडा पाण्यात गेला की स्वतःच तापतो, गरम पाण्यात उसळून अंगावर उडू शकतो. ॲल्युमिनियमचं भांडं किंवा मग जवळ नको. पाकिटावरचा वेळ झाला की भरपूर पाणी. त्या दिवशी नंतर पंप मारायचा नाही.

आणि ॲसिड? ते केसांवर फारसं काही करत नाही. ते चुना खातं, म्हणजे टाईलमधला सिमेंटचा जॉईंट खातं, नळाचं क्रोम काळं पाडतं, स्टीलची जाळी गंजवतं आणि वाफेने छातीत जळजळतं. केसांचा गोळा तसाच राहतो. सगळ्यात महत्त्वाचं, एक केमिकल टाकलं आणि पाणी गेलं नाही म्हणून त्यावर दुसरं टाकायचं नाही. संडास साफ करायच्या बऱ्याच लिक्विडमध्ये हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं, त्यात ब्लीच मिसळलं की क्लोरीन वायू तयार होतो, बंद बाथरूममध्ये तो जीवावर बेतू शकतो. ॲसिड आणि कॉस्टिक एकत्र आले तर उकळून उडतात. कातडीवर उडालं तर कपडे काढून नळाखाली निदान २० मिनिटं धुवा, डोळ्यात गेलं तर धुता धुताच डॉक्टरकडे जायची तयारी करा. आणि ही असली द्रव्यं पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरून कधीच ठेवू नका, घरात लहान मुलं असोत नसोत.

खायचा सोडा आणि व्हिनेगर हा उपाय सगळीकडे फिरतोय. फसफसतं छान, पण दोन्ही एकमेकांना मारून टाकतात आणि शेवटी खारट पाणी उरतं. वास थोडा कमी होतो, केस निघत नाहीत. त्यापेक्षा गाळ काढल्यावर धुण्याचा सोडा मूठभर, अर्धा तास, मग गीझरचं गरम पाणी बादलीभर, हे तेलकट थरावर जास्त चांगलं काम करतं. उकळतं पाणी मात्र ओतू नका, ड्रेनेजचे पीव्हीसी पाईप ६० अंशांच्या वर मऊ पडायला लागतात आणि जॉईंट ढिले होतात.

बाथटब असेल तर

माझी धाकटी बहीण न्यू जर्सीत असते, तिच्याकडे टब, तिला व्हिडिओ कॉलवर बसून साफ करवून घेतला म्हणून हे ठामपणे सांगते. टबमध्ये जाळीऐवजी बूच असतं. पायाने दाबून उघड-बंद होणारं असेल तर ते उघडं ठेवून वरची टोपी घड्याळाच्या उलट फिरवली की सुटते. खाली आडवी पट्टी किंवा क्रॉस दिसतो, केस नेमके त्याला अडकतात, काटेरी पट्टीने तिथेच ९० टक्के काम होतं. टबच्या भिंतीवर जी गोल प्लेट असते ती ओव्हरफ्लो, पंप मारताना ती ओल्या फडक्याने बंद पाहिजे. स्प्रिंग घालायची वेळ आली तर तळाच्या भोकातून नाही, ती प्लेट दोन स्क्रू काढून उघडायची आणि तिथून घालायची, तिथून रस्ता सरळ खाली ट्रॅपमध्ये जातो. प्लेटला खटका असेल तर त्याच्यामागे एक लांब सळी जोडलेली असते, ती सावकाश बाहेर येते, तिच्याही टोकाला केसांचा झुपका असतोच. भाड्याचं घर असेल तर स्प्रिंगपर्यंत जायच्या आधी मेंटेनन्सवाल्यांना कळवा.

परत बसवताना आणि नंतर

वाटी परत बसवा. हे मुद्दाम लिहितेय कारण वाटी काढल्यावर पाणी धाडकन जातं, मग लोक म्हणतात राहू दे तशीच, आणि आठ दिवसांत घरभर वास आणि रात्री झुरळं. वाटी आणि जाळी बाहेर असतानाच साबणाने घासून घ्या. जाळीच्या स्क्रूला बोटभर खोबरेल तेल लावून बसवा, पुढच्या वेळी सहज निघतो. शेवटी दोन मग पाणी ओता म्हणजे ट्रॅप भरेल, आणि दुसऱ्या दिवशी खालच्या घरी छत कोरडं आहे ना एवढं विचारून घ्या.

नंतरचं फार नाही. आंघोळीला जायच्या आधी केस विंचरायचे, सुटे केस तिथेच निघतात. जाळीवर जमलेले केस रोज टिपून घ्यायचे, पाण्याने आत लोटायचे नाहीत. दिवाळीत उटणं, एरवी बेसन, मुलतानी माती, मेंदी, हे सगळं ट्रॅपच्या तळाला जाऊन चिखलासारखं बसतं, म्हणून दिवाळीची पहिली आंघोळ झाली की त्या आठवड्यात एकदा जाळी उघडायचीच. एरवी महिन्यातून एक रविवार, दहा मिनिटं. आमच्याकडे आता मोठी मुलगी करते.

प्लंबर कधी बोलवायचा, तर स्प्रिंग पूर्ण आत जाऊनही पाणी हलत नाही, पाणी जाताना संडासातून गुडगुड आवाज येतो, किंवा खालच्यांच्या छताला ओल दिसतेय. बोलावलात तर आत केमिकल टाकलं असेल तर ते आधी सांगा, त्याचे हात त्यात जाणार आहेत. आणि ट्रॅपचा जॉईंट बघून मगच काम सुरू करायला सांगा.

अजून एक, मे महिन्यात गावाला जाताना. घर महिनाभर बंद राहिलं की ट्रॅपमधलं पाणी आटतं आणि परत आल्यावर दार उघडताच गटाराचा वास येतो, लोकांना वाटतं लाईन तुंबली. निघताना प्रत्येक नहाणीत मगभर पाणी ओता आणि वरून दोन चमचे तेल सोडा, तेलाचा थर पाणी लवकर आटू देत नाही. परत आलात की बादलीभर पाणी टाकून खिडकी उघडी ठेवा, तासाभरात वास जातो.